मावशीची निगेटिव्ह होण्याची तयारी

माझ्या देवळीच्या मावशीइतकं नियमाने वागणारं माणूस वर्धा जिल्ह्यात दुसरं झालं नसेल, आणि नियमांनी इतकं छळलेलंही नसेल. एकुलत्या एक मुलीचं पहिलं बाळंतपण, तेही जर्मनीत, आणि त्यात कोरोना. विमानात बसायचं तर लशीचे दोन्ही डोस हवेत आणि निघण्याआधीचा निगेटिव्ह रिपोर्ट हवा, एवढं कळल्यावर मावशीने अख्खं घर कामाला लावलं. लस टोचणाऱ्या नर्सबाईंना तिने बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचायला लावलं, कारण "तिकडच्याइले हेच लस चालते." तपासणीच्या वेळी शिंक येऊ नये म्हणून देवासाठी वळलेल्या वातींतली एक नाकात घालून ती रोज सराव करायची.

तपासणी जवळ आली तशी तिने स्वतःला मधल्या खोलीत कोंडून घेतलं. मावसाजींची खाट अंगणात गेली. दूधवाल्याने दूध फाटकाशी ठेवायचं, मी खिडकीपासून लांब उभं राहून बोलायचं. एकदा मी जरासा पुढे सरकलो, तर आतून ओरडली, "काऊन जवळ येऊन राह्यला? माह्या नातवंडाले भेटू देत नाईस का मले?"

ना ताप, ना खोकला, पण रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. सांगायला मीच गेलो. "नाव माहंच हाये ना?" तिने विचारलं. मी मान हलवली. मग म्हणाली, "डिंकाचे लाडू समोरच्या खोलीत हायेत. घेऊन जाय. बाळंतिणीसाठी केलते."

आठवड्याभरात नात झाली. मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून मावशी रोज ओरडायची, "टाळूवर तेल घाल ना वं, काटकसर नको करू!"

मग कधी व्हिसा संपला, कधी विमानं बंद पडली; वर्षभराने ती प्रत्यक्ष निघाली तोवर नियम उठले होते. तरी ती ताजी तपासणी करून आली होती. नागपूरच्या विमानतळावर दारातल्या जवानाने तिकीट पाहिलं. मावशीने रिपोर्ट पुढे केला. "इसकी जरूरत नहीं, माताजी," तो म्हणाला. मावशीचा चेहरा पडला.

पुढचं तिच्या मुलीने फोनवर सांगितलं. नात चालायला लागली होती. आजी समोर दिसताच ती आईच्या मागे लपली. आई तिला पुढे ओढू लागली, तर मावशी म्हणाली, "राहू दे. ओढू नको तिले," आणि बॅग तिथेच टाकून जमिनीवर बसली. दुपार कलल्यावर नात हळूच जवळ आली आणि मोबाईलच्या काचेवर लावायची तसं एक बोट तिने आजीच्या गालाला लावून पाहिलं. मावशी जराही हलली नाही म्हणे.