सांडूआप्पांची शिसारी

सांडूआप्पांना जितकी किळस यायची, तितकी मी दुसऱ्या कुणाला आलेली पाहिली नाही. शेण, चिखल, मेलेलं जनावर यांचं त्यांना काही वाटायचं नाही. बैलाच्या सडलेल्या खुरातले किडे ते उघड्या बोटांनी काढायचे आणि हात धुऊन भाकरीला बसायचे. पण दगडाच्या कपारीत कोंबलेली चिप्सची रिकामी पिशवी दिसली की त्यांच्या नाकपुड्या फुगायच्या, तोंड आंबट व्हायचं. “शिसारी आली बघा,” म्हणायचे आणि ती पिशवी दोन बोटांत धरून खांद्यावरच्या बारदानात टाकायचे.

अजिंठ्याच्या अलीकडे डोंगरात काही कॉटेज आहेत. तिथं मी चार वर्षं मॅनेजर होतो. घर मुकुंदवाडीला, महिन्यातून दोनदा जायचो. फाटकावरच्या फलकावर ‘धबधबा, कोरीव लेणं, रानवाट, पक्षीनिरीक्षण’ असं लिहिलेलं होतं आणि हे सगळं दाखवायला एकच माणूस होता, सांडूआप्पा. साठी उलटलेली, खाकी सदरा, डोक्याला टॉवेल. खालच्या वस्तीवरचे. जन्मभर त्या डोंगरात गुरं राखलेली. वानरं कुठल्या डबक्यावर पाण्याला येतात, मोठं घुबड कुठल्या कड्यावर बसतं, सगळं ठाऊक. ‘कोरीव लेणं’ म्हणजे दीड खांब आणि अर्धवट खोदलेली एक खोली. तिथं उभं राहून ते पाहुण्यांना सांगायचे, “करणारा हातातलं काम टाकून उठला, अन् परत आलाच नाय. का उठला, कोणाला ठावं.” एवढं बोलून पुढं चालायला लागायचे. मला ते फार आवडायचं. पाहुणे मात्र विचारायचे, इथं रेंज कुठं येते.

एकदा शहरातून एक मोठं कुटुंब आलं होतं. लेण्यातून परतल्यावर सगळे नाश्त्याला बसले. आप्पा मागून आले. हातात पळसाच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी त्या कुटुंबाच्या टेबलाजवळ, जमिनीवर, हलक्या हातानं ठेवलं. बाळाचं भरलेलं डायपर होतं. खांबामागच्या कोनाड्यात सारून ठेवलेलं. बाई संतापल्या, त्यांच्या यजमानांनी मला बोलावून घेतलं. मी आप्पांना माफी मागायला सांगितलं. त्यांनी लगेच हात जोडले. “माफ करा. जेवताना आनायला नको व्हतं. पण तुमचं हाय, तुमच्या गाडीत न्या.” आणि ते न्यावं लागलं. पुढं चार दिवस मला ते आठवून हसू येत होतं. आप्पा हसले नाहीत. ज्या कोनाड्यात कुणीतरी एवढ्या मायेनं छिन्नी चालवली होती तिथं माणूस असं कसं करतो, हा प्रश्न त्यांना खरोखरच पडला होता आणि ते मला तो पुन्हा पुन्हा विचारत होते.

त्यानंतरच्या पावसाळ्यात जे झालं त्यात मी आहे, म्हणून ते सांगायला मला जड जातं.

ऑगस्टमध्ये सलग सुट्ट्या आल्या. सगळी कॉटेज भरली आणि संडासाची टाकी तुंबली. मैला उपसणारी गाडी चिखलामुळं वर चढेना. मालकांनी फोनवर सांगितलं की, दोन दिवसांपुरता मागच्या ओढ्यात पाइप काढून दे, वाहतं पाणी आहे, निघून जाईल. तो ओढा कॉटेजच्या मागून खाली जातो आणि धबधबा होऊन कुंडात पडतो. त्याच कुंडात आमचे पाहुणे डुंबायचे. कुंडाखाली, ओढ्याच्या काठाला, वस्तीची पिण्याच्या पाण्याची विहीर होती. हे मला माहीत होतं. पाइप कुठं टाकायचा ती जागा प्लंबरला मीच दाखवली. करवंदीच्या जाळीत, दिसणार नाही अशी. दोन दिवसांचे तीन आठवडे झाले.

चौथ्याच दिवशी आप्पा म्हणाले होते की ओढ्याला वास येतोय. मी म्हणालो, पाला कुजला असेल. पाल्याचा वास मला कळतो, असं ते पुटपुटले आणि कामाला लागले. आम्ही चार वर्षं एका डब्यातून जेवलो होतो. माझा शब्द त्यांनी खरा धरला.

मग एका रविवारी सकाळी दहा-बारा पाहुणे टॉवेल खांद्यावर टाकून धबधब्याला निघायच्या तयारीत अंगणात उभे होते. त्या दिवशी मालकही आलेले होते. आप्पा ओढ्याच्या बाजूनं वर आले. पाय गुडघ्यापर्यंत भरलेले. त्यांनी पाहुण्यांना सांगितलं, “तिथं जाऊ नका. ते पानी नाय, इथल्या संडासाचं हाय. मी पाइप बघून आलो.”

मालक हसले. म्हातारा कामाला कंटाळलाय, पाणी तपासून घेतलेलं आहे, असं म्हणाले. पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. आप्पा माझ्याकडं वळले. “मॅनेजरसाहेब खोटं बोलनार नायत. इचारा त्यांना.”

मी म्हणालो, “पाणी स्वच्छ आहे.”

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या नाकपुड्या फुगल्या, तोंड आंबट झालं. टॉवेलनं तोंड पुसून फाटकाबाहेर पडले, ते परत त्या आवारात आले नाहीत.

पाहुण्यांना कुंडावर मीच घेऊन गेलो. लोक खिदळत होते, तोंडात पाणी घेऊन एकमेकांवर चुळा टाकत होते. एक लहान मुलगी ओंजळीनं पाणी पीत होती. मी तिच्या आईला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग एका सागाच्या आड जाऊन ओकलो. कुणीतरी विचारलं, पित्त झालं का. मी हो म्हणालो.

त्या आठवड्यात खालच्या वस्तीवर जुलाब-उलट्या सुरू झाल्या. तिघांना सिल्लोडच्या दवाखान्यात सलाइन लावावं लागलं. मालकांनी एका दुपारीत पाइप काढून घेतला. आठ दिवसांनी मी नोकरी सोडली. घराकडं निघण्याआधी आप्पांच्या घरी गेलो. ते बाहेर दोर वळत बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली, की माझं चुकलं, मला माफ करा. त्यांनी मध्येच हात वर केला.

“मला कशाला सांगता? मी झऱ्याचं पितो, त्या पान्याला तोंड नाय लावलं. ज्यांनी लावलं त्यांना सांगा.”

आणि ते उठून पुढं चालायला लागले. मला मागं जावं लागलं. वस्तीचं पाणी आता लांबच्या हातपंपावरून येत होतं. तिथं सात-आठ बाया घागरी लावून उभ्या होत्या. आप्पांनी मला त्यांच्यापुढं उभं केलं आणि स्वतः बाजूला झाले. मी सांगितलं, पाइपाची जागा मी दाखवली, मला विहीर माहीत होती, मी खोटं बोललो. शिवी येईल, दगड येईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. एका बाईचा मुलगा दवाखान्यातून आदल्याच दिवशी घरी आला होता. तिनं नाकाला पदर लावला. माझा हात तिच्या घागरीजवळ होता, तिनं घागर ओढून पलीकडं ठेवली. एवढंच.

परतताना आप्पा एसटीच्या फाट्यापर्यंत माझ्याबरोबर आले. बस दिसली तेव्हा म्हणाले, “सांगितलं ते बरं केलं. पन मला अजून तुमची शिसारी येती. लई येती. खोटं कशाला बोलू.” मी बसमध्ये चढलो. पुढच्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेल्याचं कळलं. मी मातीला गेलो नाही. त्या बायांसमोर पुन्हा उभं राहायचं धाडस झालं नाही.

आता मी शेंद्र्याला एका कारखान्यात आहे. गेल्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं मोबाइलवर त्या कॉटेजची जाहिरात दाखवली. मुलांना घेऊन जायचं म्हणत होता, तुम्ही तिथं होतात ना, कसं आहे, असं विचारलं. मी पोळी खाली ठेवली आणि त्याला सगळं सांगितलं. टाकी, करवंदीची जाळी, कुंडातल्या चुळा, ओंजळीनं पिणारी मुलगी आणि मी काय म्हणालो ते. तो आधी ऐकत होता, मग त्यानं डब्याचं झाकण लावलं आणि उठून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला.