बाई नसलेल्या घराचा डबा

ज्या घरात आजारी माणूस आहे आणि रांधायला बाई नाही, त्या घरी दोन्ही वेळचा डबा पोचवायचा, असा आमच्या नाशिक रोडच्या भजनी मंडळाचा नेम होता. मंडळ एका धार्मिक ट्रस्टचं, आणि मंडळाच्या प्रमुख माझ्या सासूबाई. आणीबाणी उठून चार-पाच वर्षं झाली असतील. मी सकाळच्या शाळेत शिकवायची आणि घरी आले की पदर खोचून डबे भरायला बसायची. जात विचारायची नाही, हा सासूबाईंचा हुकूम. बौद्ध वस्तीत, मशिदीमागच्या गल्लीत, कुठेही डबा जाई आणि परत आला की आमच्याच मोरीत घासला जाई. मंडळातल्या एकीनं त्यावरून नाक मुरडलं, तर सासूबाईंनी तिला सगळ्यांदेखत झापलं, "भूक काय जात विचारून लागते का गं?" हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या मुळात वाईट असत्या, तर पुढे जे झालं त्यानं मी एवढी हादरले नसते. वाईट माणूस वाईट वागला तर त्यात नवल कसलं?

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका शिंप्याचं दुकान होतं. माणूस चांदवडकडचा, पस्तिशीतला, बोलायला मोकळा. कॉलनीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तोच शिवायचा. दिवाळीच्या तोंडावरसुद्धा कबूल केलेल्या दिवशी कपडे देणारा शिंपी म्हणजे देवमाणूसच, म्हणून त्याची चलती होती. दुकानामागच्या दोन खोल्यांत तो आणि त्याचा मित्र राहत. मित्र एका छापखान्यात खिळे जुळवणारा कंपोझिटर होता. जाड भिंगांचा चष्मा, बोटं कायम शाईनं काळी, आणि विचारलं तेवढंच बोलणार. दोन सडे पुरुष एकत्र राहतात म्हणजे भाडं वाटून घेत असतील, असं सगळे धरून चालले होते. मीही.

मग कंपोझिटरला यकृताचा आजार झाला. पोटात पाणी धरायला लागलं, पाय सुजले. छापखाना सुटला. मंडळाच्या कानावर गेलं आणि त्यांच्याकडे अळणी डबा सुरू झाला. शिंप्यानं तो डबा कधी रिकामा परत पाठवला नाही. मूठभर कढीलिंब, भाजलेले शेंगदाणे, भावाच्या शेतातले चार कांदे, काहीतरी आत असायचंच. "आईनं वळण लावलंय हो पोराला," सासूबाई म्हणायच्या आणि त्या कांद्यांची भजी आम्ही सगळे मिटक्या मारत खायचो.

दुखणं हटेना तेव्हा ट्रस्टच्याच छोट्या दवाखान्यात त्याला खाट मिळाली. तिथले डॉक्टर पोटातलं पाणी काढत, पैसे घेत नसत. दुसरीकडे कुठे जाणं या दोघांना परवडण्यासारखं नव्हतं. शिंपी सकाळी दुकान उघडण्याआधी यायचा, संध्याकाळी दुकान बंद करून यायचा. त्याचे पाय चेपायचा, नखं कापायचा, चष्मा आपल्या शर्टाला पुसून त्याच्या नाकावर ठेवायचा. मंडळाच्या बायका एकमेकींना म्हणत, सख्खा भाऊ करणार नाही एवढं करतोय. खरोखरच त्यांचे डोळे भरून यायचे.

आमच्या लोकांना एखाद्याचा कळवळा आला की त्यांना लग्न सुचतं. ट्रस्टचा निराधार मुलींसाठी एक आश्रम होता, आणि तिथल्या मुलींची लग्नं लावून देणं हे पुण्यकर्म. सासूबाई आणि ट्रस्टचे चिटणीस, दोघांनी मिळून शिंप्यासाठी एक मुलगी पसंत केली. आठवी शिकलेली, शिवणकाम येणारी. घरात बाई येईल, मित्राचं पथ्यपाणी बघेल, मंडळाचा एक डबाही कमी होईल. सगळं कसं छान बसत होतं! एका रविवारी त्याला आमच्या घरी बोलावलं. मी पोहे केले होते. चिटणीसांनी मुलीचं नाव, गाव, गुण सगळं सांगितलं आणि म्हणाले, "हुंडा नको, खर्च नको, सगळं आमच्याकडं लागलं. तुम्ही फक्त होय म्हणायचं."

शिंप्यानं पोह्यांची बशी खाली ठेवली. त्याला सहज सांगता आलं असतं की पत्रिका बघतो, आईला विचारतो, पुढच्या वर्षी बघू. लग्न टाळायच्या हजार सबबी आपल्याकडे पडलेल्या असतात. पण तो सासूबाईंकडे बघत म्हणाला, "मावशी, तुमचं मीठ खाल्लंय, तुमच्याशी खोटं नाय बोलणार. त्या पोरीला मी फसवायचा नाय. माझ्या घरात बाई नाय, पण घर रिकामं नाय. आम्ही दोघं मित्र म्हनून नाय राहत. नवराबायको राहतात, तसं राहतो. बारा वर्षं झाली."

मी चहाचा ट्रे हातात घेऊन दारात उभी होते. त्या वेळी आमच्याकडे या गोष्टीला शिव्यांखेरीज शब्द नव्हता. असलं काही असतं हे मी हॉस्टेलवरच्या कुजबुजीत ऐकलं होतं, पण ते आपल्या ओळखीतल्या, आपलं माप घेणाऱ्या माणसाच्या घरात असेल असं डोक्यातही आलं नव्हतं. धक्का बसला, खोटं का बोलू. पण त्या धक्क्यातही मला एवढं कळत होतं की हा माणूस आत्ता एका अनोळखी मुलीचा जन्म वाचवतोय, आणि त्यासाठी स्वतःचं सगळं पणाला लावतोय.

चिटणीस उठले आणि चपला घालून निघून गेले. शिंप्यानं मान खाली घालून नमस्कार केला आणि तोही गेला. मग सासूबाईंनी त्याची पोह्यांची बशी उचलली, मागच्या दारानं बाहेर गेल्या आणि पोहे, बशी दोन्ही उकिरड्यावर टाकून आल्या. चांगली चिनी मातीची बशी. भूक जात विचारत नाही म्हणणारी बाई! मी तोंडात बोट घालून बघत राहिले.

गोष्ट कॉलनीभर व्हायला एक संध्याकाळ पुरली. बायका दुकानातून आपापले ब्लाउजपीस न शिवताच परत घेऊन आल्या. ज्या बायका त्याच्यासमोर हात पसरून मापं द्यायच्या, त्यांना आता शिसारी आली. "अगं, पण तुझ्याकडे त्यानं कधी वाकडी नजर तरी टाकली का?" मी एकीला विचारलं. "तेच तर!" ती म्हणाली.

ट्रस्टची बैठक झाली. पेशंटला हाकलावं असं काहींचं म्हणणं पडलं, पण मरणाऱ्याला बाहेर काढलं असं लोक म्हणतील, म्हणून मधला मार्ग काढला. कंपोझिटर दवाखान्यात राहील, उपचार होतील, मात्र शिंप्यानं फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. चिटणीस दुकानात जाऊन त्याला हे सांगून आले, आणि तो कबूल झाला. मला कळलं तेव्हा मी दुकानात गेले. मशीन बंद होतं. "वहिनी, मी नाय गेलो तर तो जगतो," तो म्हणाला. "मग नाय जात." घरी येऊन मी आमच्या यांना सांगितलं, तर ते पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "तू मध्ये पडू नकोस, आईला त्रास होईल."

मी मध्ये पडले नाही, पण अधूनमधून पेशंटना काहीबाही खायला घेऊन दवाखान्यात जायची, ती माझी वारी मी बंद केली नाही. परीक्षांमुळे दोन आठवडे जमलं नव्हतं, मग एका दुपारी दहीभात घेऊन गेले. कंपोझिटर खाटेवर बसलेला होता. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या. चष्म्याच्या काचा इतक्या मळल्या होत्या की त्याला मी कोण ते आधी कळलंच नाही. ओळखल्यावर त्यानं हसायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, "वहिनी, लग्न कसं झालं? गेला होतात ना?"

"कोणाचं लग्न?"

"त्याचं हो. आश्रमातल्या मुलीशी. आईंनी सांगितलं मला. चांदवडला भावाकडे गेलाय म्हणाल्या, आता येणार नाही. मी म्हटलं, बरं झालं. माझ्यापायी किती दिवस अडकून राहणार? मुलगी कशी आहे? स्वभावाला बरी आहे ना?"

आई म्हणजे माझ्या सासूबाई. सगळे पेशंट त्यांना आईच म्हणत. एकादशीला पाण्याचा घोटही न घेणाऱ्या, देवाला दाखवायचा नैवेद्य चाखला म्हणून लहान लेकराच्या हातावर मारणाऱ्या सासूबाई! त्यांनी या माणसाच्या खाटेशी बसून, त्याच्या डोक्यावरून हात फिरवत, हे सांगितलं होतं. पोह्यांच्या बशीचा धक्का यापुढे काहीच नव्हता. आणि हा वेडा नवऱ्या मुलीचा स्वभाव विचारत होता.

मी त्याला सगळं सांगितलं. लग्न झालेलं नाही, तो कुठेही गेलेला नाही, तो का येत नाही. सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण शेजारच्या खाटेवरचे म्हातारबाबा उठून बसले. कंपोझिटर ऐकत राहिला. मग त्यानं चष्मा काढला, आणि तो रडला. लहान मुलासारखा, नाक ओढत, मोठ्यानं. रडून झाल्यावर म्हणाला, "वहिनी, मला घरी जायचंय."

डॉक्टर भले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की इथून नेलंत तर हा फार दिवस काढणार नाही. मी तेही त्याला सांगितलं. "इथं तरी किती काढणार होतो?" तो म्हणाला.

मी दुकानात जाऊन शिंप्याला घेऊन आले. टांगा फाटकाशी थांबला. मी म्हटलं, चला आत, मी बघते कोण अडवतं ते. पण हा पठ्ठ्या खाली उतरून रस्त्यातच उभा राहिला. "शब्द दिलाय वहिनी. तुम्ही आना त्याला." आता या माणसाचं काय करावं? ज्यांनी त्याला लाथाडलं, त्यांना दिलेला शब्द तो पाळत होता. मग मी आणि वॉर्डबॉय दोघांनी कंपोझिटरला धरून अंगणातून चालवत आणलं. दर चार पावलांनी तो थांबत होता. फाटकाबाहेर शिंपी दोन्ही हातांनी गज धरून उभा होता आणि म्हणत होता, "सावकाश ये. घाई नाय. सावकाश."

अंगणातल्या ट्रस्टच्या देवळात संध्याकाळच्या आरतीची तयारी चालली होती. सासूबाई ताम्हन घेऊन पायरीवर उभ्या होत्या. कंपोझिटर त्यांच्यासमोर थांबला. वॉर्डबॉयच्या हातातला आपला हात त्यानं सोडवला, ते फुगलेलं पोट सांभाळत कसाबसा वाकला आणि त्यांच्या पायाशी हात नेत म्हणाला, "आई, खूप केलंत माझं. येतो."

सासूबाईंनी पाय मागे घेतले.

त्याचा हात पायरीच्या फरशीला लागला. त्यानं तोच हात कपाळाला लावला आणि पुढे निघाला. मला वाटतं, मी आयुष्यात तेवढी कधी संतापले नाही.

पुढे तो संक्रांतीपर्यंत जगला. डबा बंदच होता. शिंपीच रांधायचा आणि भरवायचा. मी जायची तेव्हा दोघं काहीतरी फालतू गोष्टीवरून भांडत असायचे, आणि ते ऐकून मला बरं वाटायचं.

तो गेल्याची बातमी मीच घरी आणली. दुपारची वेळ होती, सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, न्हाणीघरात गेल्या आणि जवळचं कोणी गेल्याचं कळल्यावर करतात तशी डोक्यावरून आंघोळ करून ओलेत्यानं बाहेर आल्या. केसांतून पाणी गळत होतं. मी विचारलं, "तो कोण लागत होता आपला?"

"कोणी नाही," त्या म्हणाल्या. "पण बिचाऱ्याच्या नावानं आंघोळ करायला तरी कोण होतं?"

"होता की," मी म्हणाले. "त्याचा माणूस घरात होता."