चार तुकडे, नऊ घाव

घणसोली गावात गोजराबाईंच्या विळीला आजवर कोणी नाव ठेवलेलं नाही. जिभेचं मात्र सांगवत नाही. तीस वर्षं मासळी कापतायत. रावसाचं डोकं कुठे संपतं हे डोळे मिटून सांगतील. असल्या बाईला एका इंग्रजी शब्दानं आडवं पाडलं. सांगू नये, पण सांगितल्यावाचून राहवतही नाही.

त्यांची सून नमिता कान-नाक-घशाची डॉक्टर झाली नि ऐरोलीच्या एका इस्पितळात लागली. समोर जवळ्याची, नखाएवढ्या कोळंबीची, टोपली लावणाऱ्या गिरजाबाईंना हे पचेना. त्यांनी गिऱ्हाइकांत सोडून दिलं, की गोजराची सून लोकांच्या कानातला मळ काढते. पुरतं खोटं म्हणावं तर तेही नाही, म्हणून जास्त झोंबलं.

नमिताच्या केबिनच्या पाटीवरचा लांबलचक शब्द गोजराबाईंनी एकदा ऐकला होता. तोच गिरजाबाईंच्या तोंडावर मारायला गेल्या. निघालं काय, तर आधी ऑटो, मग राहनो, मधे काहीतरी गोलगोल, आणि शेवटी लॉज. संध्याकाळपर्यंत गावठाणात पक्कं झालं, की नमिता ऑटोनं जाते नि लॉजवर राहते. खरं कोणी मानलं नाही. पुढे सांगायचं मात्र कोणी सोडलं नाही.

सुनेचं नाव आपल्याच जिभेनं घालवलं, आता परत आणायचं कुणी? रविवारी शेजारच्या काशीच्या नातीचा साखरपुडा होता, आख्खं गाव मांडवात येणार. गोजराबाईंनी सुनेपुढे कबुली दिली. नमिता आधी पोट धरधरून हसली.

मग म्हणाली, "आई, आख्खा मासा गिळता का तुम्ही? कापा ना."

तिनं कापून दाखवला. ओटो म्हणजे कान, रायनो नाक, लॅरिंगॉ घसा, आणि शेपटीला लॉजिस्ट, म्हणजे त्यातलं जाणणारी. तुकडे चार. बोलताना शब्द जिथे जिथे तुटतो तिथे घाव घातला, तर घाव नऊ. गोजराबाईंना हे हिशेब नवे नव्हते.

मग चार दिवस विळीवर तोच जप. एका गिऱ्हाइकानं सुरमईच्या पातळ तुकड्या मागितल्या, तर त्याच्या पिशवीत धोंड्यांसारखे चारच जाड तुकडे पडले. तो कुरकुरला. बाई म्हणाल्या, घशाचा भाग कालवणाला घ्या, नाकाचा तळा.

रविवारी मांडवात गिरजाबाईंनीच तोंड उघडलं. "काय गो गोजरे, सून लॉजवरून आली का?"

बायका पदराआड हसल्या. गोजराबाईंनी पेढा खाली ठेवला, हाताची कड विळीसारखी मांडीवर धरली.

"ओ-टो, कान. राय-नो, नाक. लॅ-रिं-गॉ, घसा. लॉ-जिस्ट, जाननारी. आता सगला जोडून ऐक."

आणि जोडून म्हणाल्या. एका दमात. नवरदेवाकडची एक कॉलेजातली पोरगी तर टाळीच वाजवून बसली.

गोजराबाईंनी पेढा उचलला, अर्धा खाल्ला, आणि अगदी मायेनं विचारलं, "तुजा पोरगा मिथुन काय करतो गो?"

गिरजाबाई जरा सावरून बसल्या. "एचार हाय तो. कंपनीत मानसं भरतो."

"एचार," गोजराबाईंनी मांडीवर हात आपटून पाहिला. दोनच घाव, तेही ओझरते. "बरा हाय. जवला हाय तो. त्याला विली लागत नाय."