अर्ध्या तांब्यात घासलेले दात

जूनचा दुसरा शनिवार, सकाळी अकरा. हजर : मी, नववीत गेलेली माझी मुलगी, मंद्रूपहून उन्हाळाभर राहायला आलेल्या सासूबाई आणि दातांच्या डॉक्टर मॅडम. जागा, शुक्रवार पेठेतला त्यांचा दवाखाना.

मुलीच्या दातांना तारा बसवून दहा महिने झाले होते. मे महिन्यातली तपासणी मी लग्नांच्या गडबडीत पुढे ढकलली, तेवढं एक सोडलं तर सगळं शिस्तीत चाललंय अशी माझी खात्री होती. कडक भाकरी बंद, चिक्की बंद. फ्रिजवर तक्ता : सकाळी घासणे, रात्री घासणे, तारेखालून बारीक ब्रश फिरवणे. प्रत्येक चौकोनात मुलीची खूण. तो तक्ता मी सोबत नेला होता. शाबासकी मिळेल म्हणून, दुसरं काय!

मॅडमनी आधी दातांचे फोटो काढले. मग कापसाच्या बोळ्याने दातांना लाल रंग लावला आणि चूळ भरायला सांगितली. म्हणाल्या, "दात स्वच्छ असेल तिथला रंग निघून जातो. कीटण असेल तिथं राहतो, जुनं कीटण असेल तर जांभळा दिसतो."

मुलीने तोंड उघडलं. रंग निघालाच नव्हता. तारेसाठी दातावर चिकटवलेल्या प्रत्येक ब्रॅकेटभोवती आणि हिरडीच्या कडेने गडद जांभळी किनार. हे माझ्या पोरीचं तोंड?

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या, "लई दिस पान खाल्ल्यावानी दिसतंय की!"

"आजी, गप की!"

मी तक्ता पुढे केला. "मग ह्या खुणा कशाच्या? रोज खोटं लिहीत होतीस?"

"खोटं कशाला लिहू? घासतच होते. तू ठेवलेल्या पाण्यात जेवढं होतं तेवढं."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला पाणी पाचव्या दिवशी यायचं. बेसिनचा नळ मी खालून बंद केला होता आणि वर कागद चिकटवला होता : तोंड धुवायला सकाळी एक तांब्या, रात्री अर्धा. अर्ध्या तांब्यात दोन ब्रश धुवायचे आणि चूळही भरायची. फेस जास्त झाला तर पाणी पुरत नाही, म्हणून ती फेस व्हायच्या आतच थांबायची. बारीक ब्रश न धुताच पुन्हा फिरवायची. डब्यातली चपाती-शेंगाचटणी खाल्ल्यावर बाटलीतलं पाणी चुळीत घालवायचं नाही, हेही मीच बजावलेलं. घरात दोन कागद होते, दोन्ही माझ्या अक्षरातले, आणि पोरीने दोन्ही पाळले होते.

"माज्या आंगुळीच्या बादलीतलं घ्यायचं हुतंस की गं," सासूबाई हळूच म्हणाल्या.

मॅडमनी दोघींना रंग धुवायला बाहेर पाठवलं आणि मला थांबवलं. "हिरड्या सुजल्यात, रक्तही येतंय. सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर तारा मधेच काढाव्या लागतील." मग त्यांनी मघाचा फोटो दाखवला. वरच्या समोरच्या दोन दातांवर, हिरडीजवळ, खडूसारखे पांढरे ठिपके.

"हे धुतल्यावर जातील ना?"

"हे कीटण नाही. कीटणाखाली दाताचं कवच खराब व्हायला लागलंय. ठिपके फिके होतील. पूर्ण जातील असं मी सांगणार नाही."

"एका उन्हाळ्यात?"

"पुरतो तेवढा."

घरी आल्यावर बेसिनवरचा कागद फाडला. दातांसाठी वेगळा कॅन भरून ठेवला, त्याला माप नाही. रोज रात्री ती घासायची आणि मी टॉर्च धरून बघायचे. ती वैतागायची, "आई, तोंड आहे, बोगदा नाही!" तरी मी बघत राहिले.

सहा आठवड्यांनी पुन्हा रंग लावला, तेव्हा दोन-चार ठिकाणीच गुलाबी रेघ राहिली. हिरड्यांतून रक्त येणं थांबलं होतं. मॅडम म्हणाल्या, तारा राहू दे.

रिक्षात मुलगी खुशीत होती. "दहावीच्या निरोप समारंभापर्यंत निघतील ना गं तारा? फोटोत सगळे दात दाखवून हसणार आहे मी. आताच सांगून ठेवते."

मी म्हटलं, "रुमाल घे, धूळ येतेय."

माझ्या डायरीत आजच्या पानावर पाच कामं होती. पुढची तपासणी ठरवली, नवे ब्रश आणले, कॅन घासला, शाळेत जास्तीची बाटली न्यायला लावली. ठिपक्यांबद्दल मुलीला सांगणे, हे पाचवं काम सहा आठवडे रोज पुढच्या पानावर उतरवते आहे. आजही उतरवलं.