पत्त्याच्या सुरुवातीला कामशेत

माझा मामेभाऊ कामशेतजवळच्या टेकड्यांवर पॅराग्लायडिंग शिकवतो. हिवाळ्यात त्याच्याकडे परदेशी माणसं येतात आणि त्यातली काही घरी परतल्यावर त्याला बिटकॉइनमध्ये बक्षिसी पाठवतात. भाऊबीजेला तो माझ्याकडे लोणावळ्याला आला, तेव्हा ताटावरून उठल्या उठल्या त्याने मोबाइल पुढे केला.

"ताई, हा माझा पत्ता. ह्यात काय कळतंय का? एका गोऱ्याच्या पत्त्यात सुरुवातीलाच त्याचं नाव हाय. मला आपलं कामशेत पायजे. जमंल का तुला?"

मी नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्स टेस्टिंगला आहे. त्याला वाटतं, वायर असलेलं सगळं मला जमतं. पण हे जमण्यासारखं होतं. बिटकॉइन ज्यावर येतात तो असा पत्ता मनाने लिहिता येत नाही. एक गुप्त आकडा घ्यायचा, त्याला किल्ली म्हणतात; ती ज्याच्या हाती, त्याला त्या पत्त्यावरचे पैसे काढता येतात. तिच्यावर ठरलेलं गणित केलं की पत्ता बाहेर पडतो, अक्षरांची नुसती खिचडी. हवी ती अक्षरं पाहिजेत तर किल्ली घ्या, पत्ता काढा, बघा, सोडा, पुढची घ्या. 'कामशेत'च्या सात इंग्रजी अक्षरांसाठी माझ्या लॅपटॉपला अंदाजे दोन महिने लागले असते.

त्याच सुमारास कारखान्यातलं एक जुनं टेस्टिंग मशीन भंगारात निघालं. त्यातलं एक बोर्ड मी रीतसर पैसे भरून, गेटपास घेऊन घरी आणलं. त्यावर एफपीजीए होती, म्हणजे जिची आतली जोडणी आपण प्रोग्राम लिहून हवी तशी बदलू शकतो अशी चिप. एकच गणित सतत करायचं असेल तर त्या गणितापुरतीच चिप बनवता येते. कॉलेजात मी हेच शिकले होते. नंतर वीस वर्षं दुसऱ्यांनी बनवलेली बोर्डं तपासली. भावाचं काम हे निमित्त झालं, खरं तर मला स्वतःचं काहीतरी चालताना बघायचं होतं.

तीन महिने सुट्टीचे दिवस त्यात गेले. एका किल्लीवरून पुढची काढायला एक बेरीज पुरते, पण ती साधी बेरीज नाही, तिच्यात एक भागाकार असतो आणि तो फार वेळ खातो. शेकडो भागाकार एकत्र बांधून एकदाच करायची युक्ती आहे. ती चिपमध्ये बसली त्या दिवशी वेग एकदम चढला. बोर्ड तापायचं, म्हणून ते खिडकीत ठेवून त्याच्यावर टेबलफॅन लावला होता. एका रविवारी सकाळी मी तांदूळ निवडत असताना स्क्रीनवरची ओळ थांबली. असे पत्ते ज्याने सुरू होतात तो एकचा आकडा आणि त्याला लागून कामशेत. मी ताट खाली ठेवलं आणि अक्षरं बोटाने मोजली.

भावाने जुन्या पत्त्यावरचं सगळं या नव्या पत्त्यावर आणलं. पॅराग्लायडर उतरायच्या मैदानाशेजारी, मामाच्या शेताच्या कडेला, पेंटरकडून त्या पत्त्याची पाटी रंगवून घेतली.

पुढच्या महिन्यात मी माझा प्रोग्राम नीट लिहून ठेवायला बसले. सुरुवातीची ओळ वाचली आणि तिथेच अडले. चाचणीसाठी मी किल्ल्यांची सुरुवात एका छोट्या आकड्यावरून केली होती, म्हणजे तीच चाचणी पुन्हा लावता यावी. ती ओळ बदलायची राहिली होती. त्या छोट्या आकड्यातून जितक्या सुरुवाती निघू शकतात, तितक्या एखादा जाणकार सहज तपासू शकतो. भावाची किल्ली माझ्याशिवाय आणखी कुणीही शोधू शकलं असतं.

फोनवर सांगण्यासारखं हे नव्हतं. लोकलने कामशेतला गेले, तिथून रिक्षाने मैदानावर. भाऊ पॅराग्लायडरची घडी घालत होता, मामा बांधावर बसला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

भावाने घडी सोडली. "कुनी नेलं का त्यातलं?"

"अजून नाही. पण आत्ताच हलव."

त्याने तिथेच मातीत बसून सगळं जुन्या पत्त्यावर परत पाठवलं. ते पोचल्याचं दिसायला बराच वेळ लागला. मग मामा म्हणाला, "पोरी, तुला कुनी ईचारलं न्हवतं. गप ऱ्हायली असतीस तरी आमाला काय कळनार व्हतं?"

"मला कळलं होतं ना, मामा."

बोलतेच आहे तर दुसरीही गोष्ट सांगून टाकली. किल्ली मी शोधली म्हणजे ती मलाही माहीत होती, इतके दिवस.

"तुला म्हाईत असली तर काय बिघडलं?" भाऊ म्हणाला.

"मला नको आहे ती," मी म्हणाले.

त्यालाही उपाय होता. भावाने आपली अर्धी किल्ली स्वतःच बनवायची आणि तिच्यातून गणिताने निघणारा, उघड करण्यासारखा आकडाच मला द्यायचा. माझ्या बोर्डाने उरलेला अर्धा शोधायचा. दोन्ही अर्धे जुळवल्यावरच खरी किल्ली तयार होते. मी सुरुवातीची ओळ दुरुस्त केली, तीनदा तपासली आणि बोर्ड पुन्हा लावलं. या वेळी नशीब हळू होतं. नऊ दिवस लागले. पेंटरला मात्र काम कमी पडलं. कामशेत तसंच ठेवून त्याने फक्त पुढची अक्षरं बदलली.

अर्धे जुळवायच्या दिवशी मी मामाच्या घरी लॅपटॉप नेला, इंटरनेट बंद केलं, कुठलं बटण कशासाठी ते भावाला दाखवलं, किल्ली कागदावर उतरवून घे म्हटलं आणि खोलीबाहेर आले. ओटीवर मामी शेंगा फोडत होती, मीही फोडायला बसले. आतून थांबत थांबत बटणांचा आवाज येत होता. दोनदा उठावंसं वाटलं.

अर्ध्या तासाने तो बाहेर आला. हातात घडी घातलेला कागद होता.

"झालं," म्हणाला. "पत्ता जुळतोय."

कागद बघायला माझा हात आपोआप पुढे गेला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, जरा संकोचला आणि कागद शर्टाच्या खिशात ठेवला. मी पुढची शेंग उचलली.