अंबागडाच्या पायऱ्या आणि किनाबालूची ठरलेली तारीख

किनाबालू चढण्याचा बेत माझा फार जुना. बोर्निओ बेटावरील हा पर्वत चार हजार मीटरांहून उंच आहे. पायथ्याशी उष्ण कटिबंधातील घनदाट, सदैव ओले अरण्य आणि माथ्यावर उघडा, गारठलेला खडक. पत्नी निर्मला हयात असताना मी नकाशे पसरून बोलत असे आणि ती ऐकत असे. मागील वर्षी ती गेली. पुढे वाचनात आले की, त्या परिसरातील लोक हा पर्वत मृतांचे निवासस्थान मानतात. तिच्या वर्षश्राद्धाच्या पहाटे आपण त्या माथ्यावर असावे, असे मी ठरवले आणि सहल आयोजकांना ती तारीख कळवून टाकली.

ज्यांच्या मनात असाच बेत असेल, त्यांच्यासाठी थोडी माहिती. परवाना आणि स्थानिक वाटाड्या सक्तीचे आहेत. वाटेतील मुक्कामाच्या जागा मोजक्याच असल्याने आरक्षण कित्येक महिने आधी करावे लागते. वाट बरीचशी पायऱ्यापायऱ्यांची असल्यामुळे दमापेक्षा गुडघ्यांची परीक्षा अधिक होते. आमच्या भंडारा जिल्ह्यात तसा पर्वत नाही. परंतु तुमसर तालुक्यात अंबागडचा किल्ला आहे आणि त्याला पायऱ्या आहेत. सरावासाठी तेवढे पुरे होते.

रविवारी सकाळी भंडाऱ्याहून एसटीने मोहाडी व तेथून काळीपिवळीने आंधळगाव गाठले. जाण्यायेण्याचे भाडे, चहा आणि आलूबोंडा मिळून दोनशे रुपयांत भागते. धान कापून झाले होते; रिकाम्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, बगळे निवांत उभे होते. आंधळगाव हे निर्मलेचे माहेर. तिचा धाकटा भाऊ वसंता तेथे हातमागावर कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, कापड विणतो. तो मोटरसायकल घेऊन थांब्यावरच उभा होता. माझी पाठपिशवी उचलताच तो वाकला.

"भाऊजी, दगडं भरले का यात?"

"तांदूळ आहे. पाठीवर वजन घेऊन चालण्याचा सराव करावा लागतो."

"मले वाटलं, वरत पंगत बसवाची हाय!"

किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत वाहन जाते. पाणी सोबतच न्यावे. पायऱ्या चांगल्या आहेत, परंतु मधूनमधून खचल्या आहेत, काठी असावी. सागाची मोठाली वाळलेली पाने पायांखाली करकरत होती. मी ठरवल्याप्रमाणे संथ आणि न थांबता चढत होतो. वसंता पुढे जाऊन थांबे आणि मी जवळ पोहोचलो की म्हणे, "या, या, गाडी गरम होऊन राहिली वाटते!"

वर बुरुजाजवळ बसलो. खाली जंगल, त्यापलीकडे तलावांचे चकाकणारे तुकडे. वसंताने चिवड्याची पुडी सोडली.

"मंग, जाता कवा तिकडं?"

मी तारीख सांगितली. त्याने हातातला घास पुडीत परत टाकला.

"ते त ताईची तिथी हाय."

"म्हणूनच ती निवडली." मी त्याला त्या पर्वताविषयीची समजूत सविस्तर सांगितली. त्याने पुडी बाजूला ठेवून ते ऐकून घेतले.

"भाऊजी, राग नका मानू. ताई तिकडं कायले जाईन? तिच्याजवळ त पासपोर्टबी नव्हता."

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो असावा, कारण वसंता दचकून माझ्याकडे पाहू लागला.

दुपारी त्याच्या घरी जेवलो. भात, वरण, वांग्याची भाजी आणि अंबाडीची चटणी. हात धुऊन मी मागाच्या खोलीत डोकावलो. मागावर हिरवी कोशाची साडी अर्धी विणून झाली होती. कोणाची, असे विचारताच वसंताची पत्नी शोभा दारातच थांबली.

"ताईच्या वर्षश्राद्धाची. सवाष्णीले द्याची हाय, तुमच्या हातानं."

त्यांच्या घराण्यात पती हयात असताना गेलेल्या लेकीच्या वर्षश्राद्धाला सवाष्ण जेवू घालतात आणि माहेरची साडी तिला पतीच्या हातून दिली जाते. मला हे ठाऊकच नव्हते.

"मला आधी का सांगितले नाही?"

"सांगाव कवा? कोनी ताईचं नाव काढलं का तुमी चपला पाहाले लागता."

"शोभे!" वसंता म्हणाला.

"खोटं बोलली का मी?"

ती खोटे बोलली नव्हती. वसंता मागावर जाऊन बसला. धागा सारखा करीत तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तुमी जा भाऊजी. तुमचा बेत जुना हाय. साडी मी देईन तुमच्या नावानं. कोनी काई बोलनार नाई."

परतीच्या प्रवासात मला त्याचा हा समजूतदारपणा पाठीवरच्या तांदळापेक्षा जड वाटला. माथ्यावर निर्मला भेटेल, असे मी खरोखर कधीच मानले नव्हते. त्या दिवशी घरात, तिच्याविषयी बोलणाऱ्या माणसांमध्ये बसावे लागू नये, एवढ्यासाठी मी समुद्रापलीकडचा एक पर्वत शोधला होता.

घरी आल्यावर प्रथम आयोजकांना पत्र पाठवून तारीख पुढे ढकलण्याची विनंती केली. पुढील जागा केव्हा मिळेल, याची त्यांनी खात्री दिलेली नाही. किनाबालू मी चढणार आहे. सरावही चालू ठेवला आहे. मात्र तशा प्रवासाची तारीख ठरवण्यापूर्वी घरच्यांना एकदा विचारावे, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

त्यानंतर आंधळगावला दूरध्वनी केला. तो शोभेने उचलला.

"मी त्या दिवशी येतो आहे," मी म्हणालो.

मग तिने विचारले, "पानात काय करू? ताईले काय आवडे?"

"लाखोळीच्या डाळीचे वडे. कडक तळलेले, जवळजवळ करपलेले."

"करपलेले? सवाष्ण काय म्हनन!"

"मीही हेच म्हणत असे. त्यावर ती म्हणायची..."

आणि ती काय म्हणायची, ते मी सांगू लागलो. बोलता बोलता उभा होतो तो खुर्चीत बसलो. मध्येच वसंताही येऊन ऐकू लागला असावा, कारण शोभेबरोबर आणखी कोणीतरी हसत होते.