उदाची खूण मी केली नाही

डॉक्टरांनी एक नळी माझ्या तोंडात दिली नि म्हणाले, "अम्मा, जोर से फूँको. और... और... और..."

मला मनात हसू आलं. फुंकायला मला शिकवतायत! चाळीस वर्षं लग्नाघरचे स्वयंपाक केले मी, चुलाणावर. फुंकणी हातची सुटली नाही. नि अष्टमीला देवीपुढं घागर फुंकायला माझ्यासारखी आमच्या आख्ख्या लश्कर भागात कोणी नव्हती. मी जीव खाऊन फुंकलं.

मशीनमधून कागद निघाला. डॉक्टरांनी तो माझ्या सुनेला दाखवला, वृंदाला. मला नाही. तेव्हाच कळलं मला.

"अम्मा, बीड़ी पीती थीं?"

"शिव शिव! कधीच नहीं."

"चूल्हा?"

"चूल्हा तो जिंदगीभर."

त्यांनी ते लिहून घेतलं. सीओपीडी आहे म्हणाले. म्हणजे फुप्फुसातल्या नळ्या सुजून अरुंद होतात, आत गेलेली हवा बाहेर निघत नाही. बरा होत नाही हा आजार, सांभाळावा लागतो. नि सांभाळला नाही तर फ्लेअर-अप येतो, म्हणजे आजार एकदम भडकतो. "जितनी बार भड़केगा, थोड़ा-थोड़ा ले जाएगा, अम्मा. वो वापस नहीं आता." चोराबद्दल बोलावं तसं बोलले.

मग एक काम दिलं. श्वास बिघडला की आदल्या दिवशी काय काय झालं ते लिहून ठेवायचं. माझी शाळा चौथीत सुटली. हेसुद्धा मी बोलतेय नि वृंदा लिहितेय. म्हणून मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर खुणा करायला लागले. मिरचीच्या फोडणीला टिंब. झाडलोटीला आडवी रेघ. संडास धुवायच्या ॲसिडला फुली. घरात कोणाला सर्दी झाली तर गोल. नि श्वास लागला त्या दिवशी चौकोन.

तुमच्यापैकी कोणाला हे दुखणं असेल तर हे करा. माझी चोरी पकडली गेली ती ह्याच कागदानं.

दोन महिन्यांत पुष्कळ कळलं. आमचं घर नई सडकच्या मागच्या गल्लीत. तोंडाशी मसाल्याची चक्की. लाल मिरची दळायला आली की खिडकी लावायची. कोरडा झाडू बंद, ओला पोछा. फोडणी वृंदा देणार, नि मी दोन दारं लावून पलीकडे. थंडीत कोहरा, म्हणजे दाट धुकं, पडलं की सकाळचं देऊळ नाही, कारण लोक शेकायला दारात अंगीठ्या, कोळशाच्या शेगड्या, पेटवतात नि धूर वर जातच नाही, गल्लीतच बसून राहतो.

टिंबं कमी झाली, रेघा संपल्या. चौकोन मात्र राहिले. दर शनिवारी एक.

"आई, शनिवारीच का होतं तुम्हाला?" वृंदा विचारायची.

"शनीचा फेरा," मी म्हणायचे.

मला माहीत होतं. शुक्रवारी संध्याकाळी मी देवीपुढं निखाऱ्यावर ऊद घालायचे. त्याची खूणच मी ठेवली नव्हती. वृंदाला वास यायचा, पण तिच्याही लेखी तो देवघराचा वास, धूर नव्हे. डॉक्टरांनी तर सरळ विचारलं होतं, "अगरबत्ती, धूप वगैरह?" मी नाही म्हटलं. देवीचा धूर नि चुलीचा धूर एक कसा असेल?

अष्टमी आली. शेजारच्या गल्लीत माझी मैत्रीण शकूताई राहते, तिच्याकडे देवी बसते. तांदळाच्या उकडीचा मुखवटा करतात. निखाऱ्यावर ऊद टाकायचा, घागर त्यावर उपडी धरायची, आत धूर कोंडायचा, नि मग काठाशी ओठ नेऊन फुंकायची. अशी घुमते की अंगावर काटा येतो.

वृंदानं जाताना दटावलं, "आई, सिर्फ बैठके देखना है, समझीं ना?"

"समजलं गं बाई."

बसले होते मी. खरंच बसले होते. तेवढ्यात शकूताई म्हणाली, "काय गं, यंदा नुसत्या टाळ्या? हवा गेली वाटतं तुझी!"

सगळ्या हसल्या. मी उठले.

घागर चांगली घुमली. आमच्यात म्हणतात, घागर फुंकली की छाती मोकळी होते. मला मोकळीच वाटली. घरी येऊन दोन घास जास्त जेवले.

नवमीला खोकला सुरू झाला. संध्याकाळी कफ घट्ट झाला, त्याचा रंग हिरवट. डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, रंग बदलला की लगेच या. मी डॉक्टरांनी दिलेला औषधाचा पंप तोंडात धरून दोनदा जास्त ओढला, नि कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कशानं झालं ते विचारलं असतं.

दसऱ्याला सकाळी शकूताई सोनं द्यायला आली. आपट्याचं पान घ्यायला मी हात पुढं केला, तर माझी नखं निळी. "बैस" म्हणायला गेले, तेवढ्या एका शब्दाला हवा पुरली नाही.

"वृंदा, अगं धाव! ही बोलेना!"

दवाखान्यात बोटाला चिमटा लावला. त्यातला आकडा बघून सगळे पळायला लागले. नेब्युलायझर लावलं, म्हणजे औषधाची वाफ. मग बायपॅप, म्हणजे हवा जोरानं आत ढकलणारं मशीन, त्याचा मास्क तोंडावर आवळून बांधतात. बुडणाऱ्या माणसाचं तोंड कोणी धरावं तसं वाटतं. त्याच्याशी भांडायचं नाही, तो ढकलेल तशी हवा घ्यायची.

शेजारच्या पलंगावर हजीरा मोहल्ल्यातली एक बाई होती, माझ्याच वयाची. खोली बंद करून अंगीठी शेकत बसली होती म्हणे. आम्ही मास्कातून एकमेकींकडे बघायचो. तिसऱ्या दिवशी डोळा लागला माझा. उठले तर तिचा पलंग रिकामा, चादर बदललेली.

डॉक्टर आले. "अम्मा, धुआँ कहाँ से आया?"

बोलता येत नव्हतं. मी दोन्ही हात जोडून दाखवले.

"पूजा?"

मी मान हलवली. वृंदा पायाशी उभी होती. मला वाटलं रागवेल, रडेल. ती एवढंच म्हणाली, "आई, शनिवार."

घरी आले. आधी आमचा जिना मी एका दमात चढायचे. आता सहाव्या पायरीवर थांबते. तेवढं गेलं. डॉक्टर म्हणाले होते तसंच, परत आलं नाही.

त्या डॉक्टरांचे उपकार आहेत, नि वृंदाचे जास्त. त्या दिवसानंतर तिनं एकदाही टोमणा मारला नाही. तुम्हाला एकच सांगते. खुणा सगळेच ठेवतात. जी खूण ठेवायला मन तयार होत नाही ना, ती आधी ठेवा.

यंदाच्या अष्टमीला वृंदानं खिडक्या लावल्या नि फटीत ओला पंचा कोंबला. मी देवीला फूल वाहिलं, नुसतं फूल. पलीकडून घागरी घुमायला लागल्या. शकूताईची मी ओळखली, मध्येच तुटते तिची. मी पलंगावर बसून ऐकलं. बसल्याजागी ओठ आपोआप गोल झाले, ते मी मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी कॅलेंडरावरचं घर कोरं राहिलं. वृंदानंही ते बघितलं. बाहेर गार वारं सुटलंय. खाली कोणीतरी यंदाची पहिली अंगीठी काढून झटकतंय, त्याचा आवाज येतोय.